भावकी, शेजार आणि पावसाळ्यातली चूल : कोकणातल्या अन्नसुरक्षेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्रामपंचायतीचे सदस्य, बचत गटांतल्या ताई, मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळांचे कार्यकर्ते आणि गावी नव्याने राहायला आलेली तरुण मंडळी हे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. उत्तरं लिहिताना पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतची किनारपट्टी डोळ्यांसमोर ठेवली आहे. काही उत्तरं लांबली आहेत. तिथे थोडक्यात सांगून भागत नाही.

अन्नसुरक्षा म्हणजे रेशन. त्यात नातीगोती कुठून आली?

रेशन हा अन्नसुरक्षेचा एक मोठा खांब आहे, पण एकच. १९९६ साली रोमला जागतिक अन्न शिखर परिषद झाली. तिथे ठरलेल्या व्याख्येचा सारांश असा : सगळ्या माणसांना, सर्व काळ, पुरेसं, सुरक्षित आणि पोषक अन्न मिळवता आलं पाहिजे. म्हणजे अन्न असलं पाहिजे, ते हाती आलं पाहिजे, अंगी लागलं पाहिजे आणि हे बाराही महिने टिकलं पाहिजे.

यातलं ‘हाती येणं’ सगळ्यात अवघड. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाचा अभ्यास करून अमर्त्य सेन यांनी दाखवून दिलं, की धान्य असतानाही माणसं भुकेने मरतात, कारण ते मिळवण्याची वाटच त्यांच्याकडे उरलेली नसते. आपल्या वाडीतल्या एखाद्या घराकडे अशा वाटा किती असतात ते मोजून बघा. स्वतःचं शेत, मजुरी, रेशन, दुकानदाराची उधारी, आणि कोणाकडे तरी जाऊन मागणं. पहिल्या चार वाटांची कुठे ना कुठे नोंद असते. पाचवीची नोंद कोणत्याच दप्तरात नसते, आणि पहिल्या चारही बंद झाल्या की घर तिच्यावरच उभं राहतं. पुढची उत्तरं मुख्यतः त्या पाचव्या वाटेबद्दल आहेत.

पण कोकणात उपाशी कोण झोपतं? आंबा, फणस, मासे, नारळ, काय नाही आपल्याकडे?

मे महिन्यात गाव पाहिलेल्या माणसाला हा प्रश्न पडणं स्वाभाविक आहे. त्याने एकदा ऑगस्टमध्ये यावं.

कोकणात वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पण जवळजवळ सगळा चार महिन्यांत. बहुतेक जमीन उताराची, त्यामुळे पाणी समुद्राकडे धावतं आणि बहुतेक ठिकाणी भाताचं पीक वर्षातून एकदाच येतं. मिरगाला पेरलेलं भात हाती यायला आश्विन उजाडतो. तुकड्यातुकड्यांच्या शेतावर जगणाऱ्या घरातला मागच्या वर्षीचा तांदूळ त्याआधीच संपतो. जुलैअखेर लावणी आटोपली की कापणीपर्यंत मजुरी नाही. यांत्रिक बोटी १ जून ते ३१ जुलै बंद. आंबा-काजूचा पैसा मे महिन्यातच आला-गेला. पर्यटक नाहीत. त्यातच शाळेच्या वह्या-पुस्तकांचा खर्च झालेला आणि गणपती तोंडावर आलेले.

आषाढ सरताना सुरू होणारी ही ओढ दसऱ्यापर्यंत चालते. कोजागरीला नवान्न म्हणतात आणि नव्या भाताच्या लोंब्या दाराला बांधतात, तोवर बऱ्याच घरांनी तग धरलेला असतो. इथली भूक रस्त्यावर पडलेली दिसत नाही. पेज पातळ होते. कालवणाच्या जागी मीठ-मिरची येते. घरातली बाई सगळ्यांच्या शेवटी जेवते आणि टोपात उरलेलं खाते. दुकानदाराची वही जाड होत जाते. शेजारणीला हे महिनाभर आधी कळतं, तलाठ्याला कधीच कळत नाही.

पूर्वी हे दिवस लोक कसे काढत?

पहिली गोष्ट म्हणजे बेगमी. पावसाआधीच्या आगोटीत घराघरांत सुकट, सोडे, सुके बोंबील, जवळा, खारवलेले बांगडे, आमसुलं, फणसाची साठं, कुळीथ, वाल, पावटे भरून ठेवले जात. हे सगळं एकाच घरात पिकत नाही. किनाऱ्यावरच्या बायका सुकी मासळी घेऊन वरच्या गावांत जात आणि भात घेऊन परतत. ठरलेली घरं असत, त्यांच्या मागच्या पिढीतही तीच असत. वर्ष वाईट गेलं तर भात पुढच्या वर्षी. हा व्यवहार पैशाशिवाय चालला तो ओळखीच्या जोरावर.

दुसरी गोष्ट श्रमाची. लावणीला आठ-दहा दिवसांची घाई असते. पाऊस थांबत नाही, तरवा, म्हणजे भाताची रोपं, वाढून जातो, आणि एकट्या घराची माणसं पुरत नाहीत. म्हणून सावड. आज तुझ्या शेतात, उद्या माझ्या. मजुरी नाही, दुपारचं जेवण शेतवाल्याचं. ज्या घराकडे रोख पैसा नव्हता, त्या घराचं शेतही यामुळे पडीक राहिलं नाही. आता गावात जाणती हातं कमी झाली, मजुरी वाढली, आणि जिथे सावड मोडली तिथे खाचरात गवत वाढलेलं दिसतं. मी ज्या गावांमध्ये फिरते त्यांपैकी ज्या वाड्यांत सावड अजून टिकून आहे, तिथे शेत लावलेलं दिसतं. इतका थेट संबंध क्वचित पाहायला मिळतो.

तिसरी गोष्ट बियाण्याची. पेंढ्यात बांधलेल्या मुड्यांत पुढच्या वर्षाचं भात जपलेलं असे. कोणाचा मुडा भिजला, उंदरांनी फोडला, तर दुसऱ्याकडून बियाणं मिळे आणि कापणीनंतर थोडं वाढवून परत जाई. वालय, बेळा यांसारख्या गावठी जाती आणि खारेपाटात, म्हणजे समुद्रकाठच्या खाऱ्या जमिनीत, तग धरणारा राता आजवर शिल्लक आहेत ते अशा देवाणघेवाणीमुळेही.

चौथं म्हणजे सगळ्यांचं असलेलं. खाडीतल्या तिसऱ्या, खडकावरची कालवं, चढणीचे मासे, माळावरचा टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी, शेवळं. पावसाचे पहिले दीड-दोन महिने गरीब घराचं कालवण इथूनच येतं. अट एकच : तिथे जायची वाट अडवलेली नको. डोंगर विकला गेला, कुंपण पडलं, खाडीत सांडपाणी आलं, की बाजारभावात न मोजली जाणारी ही भाजी ताटातून नाहीशी होते. शेवळं कशी निवडायची, घशाला खाज येऊ नये म्हणून त्यात काकडं ही आंबट रानफळं का घालायची, हे सासूकडून सुनेकडे जातं. सून ठाण्याला राहिली तर ते सासूबरोबर जातं.

रापणीचं उदाहरण नेहमी का देतात?

कारण अन्न वाटण्याचा नियम तिथे उघड्या किनाऱ्यावर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत चालतो.

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. होडीतून ते समुद्रात अर्धगोल टाकतात आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून माणसं ओढतात. एकट्यादुकट्याचं हे कामच नाही, वीस-तीस-चाळीस माणसं लागतात. म्हणून मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या बाजूला रापणीचे संघ झाले. आलेल्या मासळीतून जाळ्याचा आणि होडीचा हिस्सा बाजूला काढून उरलेलं वाट्यांत जातं. दोराला हात लावायला आलेला म्हातारा, शाळेतून आलेलं पोर, कोणी रिकाम्या हाताने सहसा परतत नाही. चार बांगडे का होईना, घरी जातात. ज्याच्याकडे होडी नाही, जाळं नाही, ताकदही फारशी नाही, त्याच्याही घरात त्या दिवशी माशाचं तिखलं शिजतं.

पर्ससीन जाळ्यांवरून किनाऱ्यावर जो संघर्ष पेटला, त्याकडे या अंगानेही बघायला हवं. पर्ससीनची बोट समुद्रातला अख्खा थवा घेरून थेट बंदरावर नेते. तिच्या मासळीत दोर ओढणाऱ्या म्हाताऱ्याचा वाटा नसतो. राज्य सरकारने फेब्रुवारी २०१६ मध्ये पर्ससीनवर निर्बंध घातले, केंद्राने २०१७ मध्ये एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली. अंमलबजावणीबद्दल पारंपरिक मच्छीमारांची नाराजी अजून संपलेली नाही आणि ती रास्त आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. किनाऱ्याला लागलेला मासा आणि कारखान्यात गेलेला मासा वजनाला सारखा असेल, पण किती चुलींवर पोचला हे मोजलं तर फरक कळतो.

मासेमारी बंदीच्या काळात कोळी घरांचं काय?

ज्यांच्या घरी स्वतःची बोट, सहकारी सोसायटीचं सभासदत्व आणि सुक्या मासळीचा साठा आहे, ती घरं निभावतात. अडचण खलाशांची आणि पाटी डोक्यावर घेऊन विकणाऱ्या बाईची. सोसायटीचं डिझेल, बर्फ, उचल हे बोटमालकाच्या नावावर. विकणारीला दोन महिने माल नाही, आणि तिच्या नावावर काही नाही. तिची खरी शिल्लक म्हणजे गिऱ्हाइकं. वर्षानुवर्षं ज्या दारात मासळी दिली, त्या दारातून पावसाळ्यात आगाऊ पैसे, तांदूळ, कधी मुलीच्या फीची सोय होते. नारळी पौर्णिमेनंतर ती ते मासळीने फेडते. ऑनलाइन मासळी घरपोच मागवणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं, की त्या बाईच्या पावसाळ्याचा एक आधार त्यामुळे कमी होतो.

मुंबईतला चाकरमानी यात कुठे बसतो?

अगदी मध्यभागी. शंभर वर्षांहून जास्त काळ कोकणचं गाव आणि मुंबई यांचं मिळून एकच स्वयंपाकघर होतं. माणूस गिरणीत, बायको-मुलं-आईवडील गावी. पोस्टमन मनीऑर्डर घेऊन आला की दुकानाची उधारी फिटायची. लालबाग-परळमध्ये एकेका गावच्या माणसांनी मिळून खोल्या घेतलेल्या असायच्या. नवीन पोरगा बोटीतून किंवा एसटीतून उतरला की तिथे पथारी टाकायचा, नोकरी लागेपर्यंत त्याचं जेवण गाववाले बघायचे. खानावळी चालवणाऱ्या बायका गिरणीकामगारांना महिनाभर उधारीवर जेवू घालत आणि त्यासाठी स्वतः सावकाराचं कर्ज काढत. त्यांची संघटना प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळाच्या रूपाने बांधली. एका बाईच्या उधारीवर पंधरा-वीस माणसांचं जेवण आणि त्यांच्यामागे गावाकडची तितकीच घरं, एवढी ती साखळी लांब होती.

१८ जानेवारी १९८२ ला कामगार नेते डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि मनीऑर्डरी आटल्या. तेव्हा साखळी उलट्या दिशेने चालली. कामगार गावी परतले, भावाच्या तांदळावर, बायकोच्या मजुरीवर महिने काढले. गावी जमिनीचा तुकडा आणि बोलणं टिकवून ठेवलेली भावकी ज्यांच्याकडे होती ते निभावले. ज्यांचं गावी काहीच उरलं नव्हतं, त्यांची आबाळ झाली. २०२० च्या टाळेबंदीत पुन्हा तेच घडलं : शहरातलं काम थांबलं आणि माणसं गावाकडे निघाली. तेव्हा काही गावांनी वेशीवर बांबू आडवे लावले, हेही विसरता येत नाही. पण विलगीकरणासाठी शाळेत चौदा दिवस ठेवलेल्या माणसांना डबे पोचवणारी घरंही त्याच गावांतली होती.

आज पैसा मोबाइलवरून येतो, तांदळाच्या आणि नारळाच्या गोणी मात्र अजूनही कोकण रेल्वेने आणि एसटीने गावाकडून मुंबईकडे जातात. ग्रामस्थ मंडळांना माझी एक विनंती आहे. मंदिराचा सभामंडप बांधून झाला असेल, तर आता जुलै-ऑगस्टमध्ये गावात कोणाची चूल अडते याची विचारपूस मंडळाच्या बैठकीत घ्या.

संकटात जवळची नाती जास्त उपयोगी पडतात की दूरच्या ओळखी?

दोन्हींचं काम वेगळं आहे. जवळची नाती रोजच्या अडीनडीला : वाटीभर साखर, उसना तांदूळ, आजारपणात पेज. पण ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा श्रीवर्धन, मुरुड, मंडणगड, दापोली भागात अख्ख्या भावकीची छपरं एकाच दुपारी उडाली. सुपारीच्या आणि नारळाच्या बागा आडव्या झाल्या. नवं झाड लावलं तर फळ धरायला पाच-सात वर्षं. वीज अनेक ठिकाणी कित्येक आठवडे नव्हती. अशा वेळी चुलतभावाकडे मागणार काय, त्याच्याही घरावर कौल नाही. तेव्हा उपयोगी पडली ती दूरची माणसं : मुंबई-पुण्यातले नातेवाईक, शाळासोबती, पूर्वी एकदा पर्यटक म्हणून राहून गेलेलं कुटुंब, दुसऱ्या तालुक्यातली संस्था. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ आलं, आणि २२ जुलै २०२१ ला चिपळूण पुरात बुडालं. चिपळूणच्या बाजारपेठेत आसपासच्या गावांचा किराणा असतो, तोच पाण्याखाली गेला. पहिले काही दिवस शहराला जेवण आणि पिण्याचं पाणी बाहेरूनच आलं.

मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये कच्च्या ओळखींचं बळ मांडलं होतं. नोकऱ्यांची माहिती कशी पसरते, यावर त्याचा भर होता. अन्नाच्या बाबतीतही ते पटतं : जे आपल्यासारखेच आहेत, त्यांच्यावर संकटही आपल्याबरोबरच येतं. म्हणून वाडीबाहेर, तालुक्याबाहेर, जातीबाहेर ओळखी असणं हे घराच्या तांदळाइतकंच मोलाचं आहे.

याला संशोधनाचा आधार आहे का?

आहे. अमेरिकेतल्या हार्टफर्ड शहरातल्या ३३० कमी उत्पन्नाच्या घरांचा एक अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या घरांचे शेजाऱ्यांशी विश्वासाचे, देवाणघेवाणीचे संबंध होते, त्यांच्यात भुकेचं प्रमाण कमी आढळलं. उत्पन्न तेवढंच, तरी फरक होता. हार्टफर्डचं सगळं कोकणाला लागू पडेल असं नाही. तिथे सावड नाही, इथे फूड बँक नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेची आठ प्रश्नांची एक मोजपट्टीही आहे : अन्न पुरेल का याची काळजी वाटली का, ठरावीकच पदार्थ खावे लागले का, जेवण टाळावं लागलं का, अख्खा दिवस उपाशी गेला का, असे प्रश्न. वाडीत वापरायला ती चांगली आहे. मी तिला नववा प्रश्न जोडते : तांदूळ संपला तर आज रात्री तुम्ही कोणाचं दार वाजवाल? ‘कोणाचंच नाही’ हे उत्तर आलं, की बाकीच्या आठ उत्तरांकडे पुन्हा नीट बघावं लागतं.

गावकी सगळ्यांना सामावून घेते, नाही का?

नाही. हे स्पष्ट बोललं पाहिजे.

२० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला तो पाण्याच्या घोटासाठी, आणि महाड कोकणातच आहे. ज्या गावकीच्या एकोप्याचं आपण कौतुक करतो, तिनेच काही माणसांना विहिरीपासून, पंगतीपासून दूर ठेवलं. आजही गावजेवणाची पंगत आणि अडचणीच्या दिवशीचा उसना तांदूळ बऱ्याचदा जातीच्या कुंपणाशी थांबतो.

दुसरं म्हणजे वाळीत टाकणं. रायगड-रत्नागिरीत अशा तक्रारी वारंवार झाल्या आहेत. देवस्थानाचा वाद, जमिनीचा वाद, निवडणुकीत दुसरीकडे मत दिल्याचा राग, आणि एका घराशी सगळ्यांनी बोलणं बंद करायचं. बोलणं बंद म्हणजे किराणा बंद, दळण बंद, शेतावर मजूर बंद, लग्नाचं आमंत्रण बंद. घरात पैसा असूनही अन्न मिळू नये, अशी ही व्यवस्था आहे. महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरोधी कायदा केला, तो जुलै २०१७ पासून लागू झाला. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. सावड चालवणारी आणि वाळीत टाकणारी गावकी एकच असू शकते. नात्यांचं बळ मोजताना हे दोन्ही एकाच वहीत लिहायला हवं.

एकीचं दुसरं रूपही याच मातीतलं आहे. १९३३ मध्ये अलिबागजवळच्या चरी आणि आसपासच्या गावांतल्या कुळांनी खोतांच्या, म्हणजे गावच्या जमीनदारांच्या, जाचाविरुद्ध नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली संप केला आणि सुमारे सहा वर्षं खोतांची जमीन कसली नाही. पीक नाही म्हणजे घरात भात नाही. जंगलातला लाकूडफाटा आणि करवंदं विकून त्यांनी दिवस काढले. पंचवीस गावं एकमेकांना धरून राहिली म्हणून हे साधलं. एकट्या कुळाला ते एक हंगामही झेपलं नसतं.

कातकरी वाडीला हे सगळं कसं लागू होतं?

थोडंच लागू होतं, आणि म्हणूनच त्यांच्याकडे आधी बघायला हवं. कातकरी हा इथला आदिवासी समाज. आपसातलं वाटप कातकरी वाडीत भरपूर आहे. एकाने खेकडे आणले तर चार घरांत जातात. पण चारही घरं सारखीच रिकामी असतील तर वाटून वाटून काय वाटणार? बाहेरची त्यांची ओळख असते ती बऱ्याचदा वीटभट्टीच्या मालकाशी किंवा मुकादमाशी. पावसाळ्यात तांदूळ संपतो, तेव्हा तो उचल देतो, आणि दिवाळीनंतर अख्खं कुटुंब ती फेडायला भट्टीवर जातं. भुकेच्या महिन्यात हाक मारण्याजोगा एकच माणूस असला, तर तोच पुढच्या सहा महिन्यांचा मालक होतो. दोनशे किलो तांदळाचा निधी वाडीत आधीच असता, तर ती उचल घ्यावी लागली नसती. बचत गट किंवा धान्य बँक कुठे सुरू करावी, असं मला कोणी विचारलं तर माझं उत्तर हेच.

मग रेशनची गरज कमी होते का?

अजिबात नाही. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातल्या प्रत्येक माणसाला महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्याचा हक्क दिला आहे. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे. शेजारी रागावला, भावकी फुटली, जात आडवी आली, तरी हा हक्क जागेवर राहतो. एवढा भरवसा कोणतंच नातं देऊ शकत नाही.

पण रेशन दुकानापासून घरापर्यंत यायला माणसं लागतात. राबून राबून बोटांच्या रेषा पुसल्या गेल्या आणि मशीनवर अंगठा उमटत नाही. रेंज नाही. सुनेचं नाव माहेरच्या कार्डातून निघालेलं नाही. डोंगरावरच्या वाडीतून दहा किलोची पिशवी आणायची कोणी? भट्टीवर गेलेल्या कुटुंबाला हे माहीतच नसतं, की एक देश एक रेशन कार्ड योजनेत ते तिथल्या दुकानातूनही धान्य घेऊ शकतं. हे सांगणारी, अर्ज लिहून देणारी, पिशवी उचलणारी जी व्यक्ती असते, ती बहुतेक वेळा शेजारची किंवा गटातली बाई असते.

एकट्या राहणाऱ्या वृद्धांचं काय?

हा प्रश्न मला सगळ्यात जवळचा आहे. गावागावांत कुलूपबंद घरं आणि त्यांच्यामध्ये एखाद्या घरात एकटी आजी. मुलगा पैसे पाठवतो, कार्डही आहे, त्यामुळे सगळे समजतात की तिचं बरं चाललंय.

आपल्याकडचं घेणं हे देण्याच्या भरवशावर चालतं. शेजारणीने वाडग्यातून घावणे पाठवले तर वाडगा रिकामा परत करायचा नाही, ही रीत. त्यात काहीतरी घालून द्यायचं, निदान चार आमसुलं. आजीच्या घरात घालायला काही उरलं नाही की ती आधी वाडगा परत करायला उशीर करते. मग ‘नको गो, माझं झालंय जेवण’ म्हणायला लागते. सावडीला जाता येत नाही, म्हणून कोणाला हाक मारत नाही. हळदीकुंकवाला जायचं टाळते. दुकानात उधारी फिटत नाही, म्हणून दुकानाची वाट बदलते. लोक म्हणतात, वयाने माणूसघाणी झाली. खरं तर तिची परतफेडीची ताकद संपलेली असते आणि म्हणून तिने मागणं सोडलेलं असतं. नातं बाहेरून तसंच दिसतं, त्यातून अन्न मात्र वाहायचं थांबतं.

म्हणून कोण मागतंय यापेक्षा कोणी मागायचं सोडलंय, याची चौकशी जास्त महत्त्वाची. ज्या घरातून गेल्या दोन महिन्यांत काहीच उसनं मागायला आलेलं नाही, आणि ज्या घरी पाठवलेलं ‘नको’ म्हणून परत येतं, त्या घरी अंगणवाडीताईने, आशाताईने, गटाच्या अध्यक्षाने आधी जावं.

व्हॉट्सअ‍ॅप गटाने हे काम होत नाही का?

काही अंशी होतं. टाळेबंदीत हापूसच्या पेट्या बागायतदारांकडून थेट मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांत गेल्या, त्या अशा गटांवरूनच. रेशन कधी आलं, एसटी कधी सुटणार, हे तिथे पटकन कळतं. पण चूल अडलेली बाई गटावर तसं लिहीत नाही, आणि बऱ्याच जणींकडे फोनच नसतो.

आमच्या वाडीने सुरुवात कशी करावी?

मे महिन्यात करा, जुलैत उशीर होतो. बचत गटाच्या एका बैठकीत बसून घरांची यादी करा आणि प्रत्येक घरापुढे लिहा : तांदूळ कोणत्या महिन्यापर्यंत पुरतो, कार्ड चालू आहे का, आणि अडचणीला कोणाकडे जातात. तिसरा रकाना कोरा राहिलेली घरं वेगळी काढा. मग कापणीनंतर प्रत्येक घराने जमेल तेवढं भात घालून एक साठा करा. जमणार नाही त्याने घालू नये, पण त्याचा घ्यायचा हक्क तसाच राहील, हे पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर ठरवा. किल्ली दोन वेगवेगळ्या भावक्यांतल्या दोघींकडे ठेवा. बियाण्यासाठी साठ्याचा एक भाग वेगळा बांधा आणि त्याला हात लावू नका. लावणीसाठी सावड पुन्हा बांधता आली तर उत्तमच, दोन-तीन घरांपासूनही चालते.

देताना माणसाचा मान कसा राखायचा?

फोटो काढू नका. रांग लावू नका. संध्याकाळी, नेहमीच्या भेटीसारखं जा. आणि त्या घराकडून काहीतरी घ्या, उगाच म्हणून नव्हे, तर खरोखर लागणारं. आजीला कोकमाचं आगळ करायचं प्रमाण माहीत असतं, कोणत्या माळावर कोणती भाजी केव्हा येते हे माहीत असतं, लावणीच्या दिवसांत तान्ही मुलं सांभाळता येतात. गटाने ते तिच्याकडे मागितलं, की वाडग्याची ये-जा पुन्हा सुरू होते.

रेशन नाकारलं किंवा वाळीत टाकलं, तर नक्की कुठे जायचं?

रेशनची तक्रार १९६७ या क्रमांकावर, किंवा तहसील कार्यालयातल्या पुरवठा शाखेत लेखी द्या आणि पोच घ्या. गावच्या दक्षता समितीत कोण आहेत ते ग्रामपंचायतीत विचारा आणि ग्रामसभेत विषय मांडून इतिवृत्तात नोंद करून घ्या. वाळीत टाकल्याची तक्रार पोलीस ठाण्यात द्या. तारखा, कोणत्या दुकानाने काय नाकारलं, बैठक कुठे झाली, हे सगळं लिहून न्या. एकट्याने जाऊ नका. गावाबाहेरचं एखादं ओळखीचं माणूस बरोबर असू द्या.